सूर्याला मोटर नाही

नाशिकला इंदिरानगरात आमची पिठाची गिरणी होती तोपर्यंत मला सगळं माहीत होतं. आता गिरणी नाही, आणि माहीतही फारसं काही नाही. पण नव्वदच्या सुमारास गिरणी टाकली तेव्हापासून पुढची पंधराएक वर्षं आजूबाजूच्या सोसायट्यांतला बहुतेक माणूस काही ना काही विचारायला माझ्याकडे यायचा. खरं म्हणजे तो दळण घेऊन यायचा. नंबर लागेपर्यंत नुसतं उभं राहून करायचं काय, म्हणून विचारायचा. मुलीला मनमाडचं स्थळ आलंय, रेल्वेत आहे, द्यावी का? गुडघ्याला कुठलं तेल चोळावं? यंदा थंडी उशिरा का? गिरणीच्या घरघरीत निम्मा प्रश्न मला ऐकूच यायचा नाही. तरी मी उत्तर द्यायचो. ओरडून दिलेलं उत्तर लोकांना खरं वाटतं, हे ज्ञान मला गिरणीनेच दिलं.

"तुम्ही पीठ कमी आणि थापा जास्त दळता," असं बायको म्हणायची. ती डब्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावायची, उपवासाची भाजणी कोणाच्या ज्वारीमागून जाणार नाही यावर डोळा ठेवायची, आणि जमेल तेवढी माझी उत्तरं चाळून घ्यायची. "ह्यांचं मनावर घेऊ नका हो," हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी व्हायचंच.

मला मनापासून विचारणारं माणूस एकच होतं, आमची मुलगी. तेव्हा ती सातवीत होती. दोन हजार साल उजाडून एक-दोन वर्षं झाली असतील. सकाळची शाळा सुटली की घरी जेवून ती थेट गिरणीत यायची, एक रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायची आणि मांडीवर वही घेऊन अभ्यास करायची. तिच्या केसांवर, पापण्यांवर पीठ बसायचं. मी तर दिवसभर हळद उतरून नुसती पावडर लावलेल्या नवरदेवासारखा दिसायचो. ती मध्येच उठायची, माझ्या कानाशी यायची आणि विचारायची. इतर लोक वेळ जावा म्हणून विचारत. हिला खरोखरच माहीत करून घ्यायचं असे, आणि मला माहीत आहे यावर तिचा विश्वास असे. त्या विश्वासावर मी किती फुशारलो होतो, हे आता लिहिताना कळतंय.

एकदा तिने विचारलं, "पप्पा, सूर्य फिरतो का?"

हा प्रश्न मला येत होता! शाळेत आम्हाला परिवलन म्हणजे स्वतःभोवती फिरणं आणि परिभ्रमण म्हणजे दुसऱ्याभोवती फिरणं हे घोकून घ्यायला लावलं होतं. मी ते लग्नाआधी परिवलन, लग्नानंतर परिभ्रमण असं लक्षात ठेवलं होतं, त्यामुळे विसरायचा प्रश्नच नव्हता.

"छे गं," मी म्हटलं, "सूर्य जागच्या जागी. फिरतो आपण. सूर्य फिरतो असं अडाणी लोकांना वाटायचं पूर्वी."

"तसं नाही. स्वतःभोवती फिरतो का?"

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. पण गिरणी चालू होती, हातात कोणाचा तरी गव्हाचा डबा होता, आणि चार बायका ऐकत होत्या. मी मोटरकडे बोट दाखवलं. "फिरणाऱ्या वस्तूला फिरवणारं काहीतरी लागतं बाळा. हे जातं बघ. मोटर आहे, पट्टा आहे, म्हणून फिरतंय. सूर्याला कुठाय मोटर? कोण बसवणार? नाही फिरत."

बायकांनी माना डोलावल्या. बायको नेमकी चिठ्ठ्या लावण्यात गुंतली होती. मुलीने वहीत लिहून घेतलं.

पुढचं मला तिने सांगितलं नाही. चार दिवसांनी बायकोने सांगितलं, तिला शेजारच्या मुलीकडून कळलं होतं. विज्ञानाच्या तासाला बाईंनी वर्गाला हाच प्रश्न विचारला. आमच्या मुलीने एकटीने हात वर केला, उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही बाई, कारण सूर्याला मोटर नाही." वर्ग जो हसला तो बराच वेळ थांबलाच नाही. कोणीतरी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर ती म्हणाली, माझ्या पप्पांनी. मग पुन्हा हसले. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'मोटर'. ए मोटर, डबा आण. ए मोटर, चालू हो.

"बाहेरच्यांना काय सांगायचं ते सांगा," बायको म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "पोरगी लिहून घेते हो तुमचं."

मुलगी माझ्याशी बोलायची थांबली नव्हती. 'पप्पा, आई बोलावतेय', 'पप्पा, तुमचा चहा' चालू होतं. डबा पालथा घालून बसणंही चालू होतं. फक्त विचारणं बंद झालं. मी मुद्दाम जवळून जायचो, "काय, अडलंय का काही?" म्हणायचो. ती मान न वर करता म्हणायची, "काही नाही." मग पुस्तकाची पानं उलटून स्वतःच शोधत बसायची. बाकीच्या लोकांचे प्रश्न येतच होते, मीही उत्तरं देतच होतो, पण मला त्यात गोडी राहिली नव्हती. रात्री जेवताना मी तिच्याकडे बघायचो आणि मनात यायचं, ही आता आपल्याला कधीच काही विचारणार नाही. मोठी होईल, शिकेल, आपल्याशी नीट वागेल, चहा आणून देईल. विचारणार मात्र नाही.

आठवडाभराने विज्ञानाच्या बाई स्वतःच दळण घेऊन आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. थालीपिठाची भाजणी होती. याआधी त्या आमच्याकडे कधी आल्या नव्हत्या. पण शाळेच्या पालकसभेत मी त्यांना पाहिलं होतं, म्हणून ओळखलं आणि छाती जरा पुढे काढली.

"बाई, एक विचारायचं होतं. आमच्या मुलीला वर्ग हसला म्हणे."

"मीही हसले," बाई म्हणाल्या. "तेच सांगायला आले. नंतर मला बरं नाही वाटलं. उत्तर चूक होतं, पण कारण देऊन उत्तर देणारी वर्गात ती एकटीच होती."

आता इथेही मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं कारण चांगलं होतं असं खुद्द बाई म्हणाल्यासारखं मला वाटलं. "म्हणजे बाई, सूर्य फिरतो म्हणता? मोटरशिवाय?"

त्या काही बोलायच्या आतच लाइट गेली. त्या हिवाळ्यात लोडशेडिंग दुपारी दोन ते साडेचार असायचं, आणि ते मात्र वक्तशीर. मोटरचा आवाज बसला. बाईंची भाजणी निम्मी आत, निम्मी बाहेर. जातं मात्र घुर्र घुर्र करत फिरतच होतं.

बाईंनी बोट दाखवलं. "लाइट गेली ना? मग हे का फिरतंय?"

"आधीचा जोर आहे ना त्याच्यात. वजनी दगड आहे. थांबेल हळूहळू."

"कशाने थांबेल?"

आता हा माझ्या धंद्यातला प्रश्न होता. मी ऐटीत म्हटलं, "बेअरिंग आहे, पट्टा आहे, दोन दगडांच्या मध्ये दाणा आहे. घासतं सगळं. घासून घासून थांबतं."

"सूर्याला बेअरिंग आहे?"

मी जात्याकडे बघितलं. त्याची घरघर कमी होत होत शेवटी एक खर्रकन आवाज आला आणि ते थांबलं. गिरणीत एकदम शांतता झाली. पालथ्या डब्यावर मुलगी मान वर करून बघत होती. बाईंकडे, माझ्याकडे नव्हे.

"नसेल," मी म्हटलं.

"नाही. पट्टा नाही, दाणा नाही, आजूबाजूला घासायला जवळजवळ काहीच नाही. फिरायला मोटर लागत नाही हो. थांबवायला काहीतरी लागतं. एकदा फिरू लागलं की ते फिरतच राहतं."

एवढं ऐकून शहाण्या माणसाने नमस्कार केला असता. मी म्हटलं, "पण बाई, फिरताना बघितलंय कोणी?"

बाई हसल्या. "तुम्हीच बघा की. एखादी दुर्बीण मिळवा. पण एक लक्षात ठेवा, दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही. चुकूनही नाही, डोळा जाईल. दुर्बीण सूर्याकडे धरायची आणि मागून येणारा उजेड पांढऱ्या कागदावर घ्यायचा. अंधारी जागा हवी." त्यांनी आमच्या पत्र्याच्या शेडकडे एकवार नजर फिरवली. "ही चालेल."

त्या बाईंचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी पुढे अनेकांना सांगितलं. त्यांना सांगायचं मात्र राहिलं. शिकवायला आलेलं माणूस इतक्या हलक्या हाताने शिकवून जातं, की आभार मानायचं सुचेपर्यंत ते कोपऱ्यावर वळलेलं असतं.

दुर्बीण मिळाली ती सुभेदारांकडून. हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे निफाडकडच्या खेड्यातले, बरीच वर्षं देवळाली कॅम्पात तोफखान्यात काढलेली. त्यांच्याकडे कॅम्पाच्या बाजारातून कधीतरी घेतलेली जुनी दुर्बीण होती. एका बाजूच्या भिंगाला बुरशी धरली होती.

"एका डोळ्यानं अधू हाय," सुभेदार म्हणाले, "पण दुसरा लय तेज. काय बघायचंय?"

"सूर्य फिरतो का ते."

सुभेदारांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तब्येत बरी हाय ना?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लाइट गेल्याबरोबर मी शटर अर्ध्यावर ओढलं. पश्चिमेच्या खिडकीला पुठ्ठा लावला, त्याला भोक पाडलं, शिडीच्या पायरीवर दुर्बीण सुतळीने बांधली आणि तिचा तेज डोळा भोकातून बाहेर काढला. लाइट असताना हे जमलंच नसतं, कारण गिरणी चालू असली की भिंतीसुद्धा थरथरायच्या. सगळं नाशिक ज्या लोडशेडिंगला शिव्या घालत होतं, त्याचा मी अजून ऋणी आहे. समोर फळीवर पांढरा कागद टाचला. बराच वेळ काहीच दिसेना. मग अचानक हवेतल्या पिठातून उजेडाची एक सरळ काठी आरपार गेली आणि कागदावर वाटीएवढा सूर्य पडला. गोल, पांढरा, कडेला जरासा मळकट. थरथरत होता, जिवंत असल्यासारखा.

मुलगी डब्यावरून उठली नव्हती. पण पुस्तक मिटलं होतं.

मी बघत असतानाच तो गोल कागदावरून सरकायला लागला. सरकत सरकत दोन मिनिटांत निम्मा कागदाबाहेर गेला. माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडलो, "फिरतोय! अगं बघ, फिरतोय सूर्य! चाललाय!"

बायको धावत आली. सुभेदार उठून उभे राहिले. आणि डब्यावरून आवाज आला, "पप्पा, ते आपण फिरतोय."

आठ दिवसांत तिने मला आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट. सुभेदार तोंडावर रुमाल धरून खोकले. मला लाज वाटायला हवी होती, पण मला इतका आनंद झाला की मी दुर्बीण हलवून बसलो, आणि सूर्य पार पत्र्यावर गेला. मग तिनेच उठून शिडी सरकवली, दुर्बीण वळवली आणि त्याला परत कागदावर आणलं. तिचे हात माझ्याहून हलके होते.

आता नीट दिसलं. सूर्याच्या डाव्या कडेजवळ एक काळा ठिपका होता. त्याच्या थोडं वर, आणखी आतल्या बाजूला, दुसरा बारीक ठिपका.

"पीठ," मी निदान केलं. "भिंगावर पीठ बसलंय."

मी मऊ फडक्याने भिंग पुसलं. ठिपका तिथेच. कागद झटकला. ठिपका तिथेच. मग दुसरं फडकं आणलं, ते तर बेसनाचं निघालं, आणि सूर्यावर आणखी सात-आठ डाग पडले. बायको म्हणाली, "अहो, आता हळद तेवढी राहिली." ती बेसनाची नक्षी पुसून काढेपर्यंत अर्धा तास गेला. पुसून झाल्यावर पहिले दोन ठिपके होते तसेच होते. पिठात उभं आयुष्य घातलेल्या माणसाला ते पीठ नव्हे हे पटेना. मी तिसऱ्यांदा फडकं घेतलं तेव्हा मुलीने माझा हात धरला, आणि सुतळी जरा सैल करून दुर्बीण जागच्या जागी थोडी पिळली. भिंगाच्या कडेला राहिलेला बेसनाचा एक कण गोल फिरला. काळे ठिपके हलले नाहीत.

"भिंगावर असते तर तेही फिरले असते," ती म्हणाली. कोणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हतं. मी ते मलाच म्हटलं असं धरलं.

"म्हंजी सूर्याला डाग हाय!" सुभेदार म्हणाले.

"वांग आलं असेल," दारातल्या एक बाई म्हणाल्या. "उन्हात फार राहिलं की येतं."

तिथून आमचं रोजचं काम सुरू झालं. लाइट गेली की शटर अर्ध्यावर. वाटीच्या मापाचं वर्तुळ मुलगी वहीत आधीच काढून ठेवायची आणि ठिपका दिसेल तिथे पेन्सिलने खूण करायची. मी शिडी धरायचो. माझ्याकडे एवढंच काम होतं, आणि मी ते चोख केलं. एक दिवस आभाळ भरून आलं आणि खाडा झाला. एक दिवस तर लाइट गेलीच नाही. अडीच वाजले, तीन वाजले. मुलगी पेन्सिल हातात धरून बसली होती. शेवटी मी मेन स्विच खाली ओढला आणि जाहीर केलं, "लाइट गेली!" शेजारच्या केशकर्तनालयात टेप मोठ्याने वाजत होता. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. माझी बायको शांतपणे म्हणाली, "आमचीच तेवढी गेलीय. दहा मिनिटांत येईल."

ठिपका सरकत होता. कडेजवळ होता तेव्हा हळू, मध्यावर आला तसा भरभर. मला वाटलं खुणा चुकल्या. मुलगीही गोंधळली. सोडवलं बायकोने, तेही चिठ्ठी लावता लावता. ती आधी समोर बघत होती, मग मान वळवून म्हणाली, "माझी टिकली बघा. समोरून गोल दिसते ना? आणि आता? बारीक होऊन कडेला चिकटल्यासारखी. सूर्य चेंडूसारखा असेल, तर डाग कडेला गेल्यावर असाच दिसणार की." मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. मीही. चौदा वर्षांचा संसार झाला होता, आणि आपल्या घरात हुशार कोण हे मला दुपारी तीन वाजता गिरणीत कळलं.

वरचा बारीक ठिपका आधी पुढे होता, पण आता खालचा त्याला गाठत चालला होता. दोघांमधलं अंतर कमी कमी होत होतं. जात्याच्या दगडावर दोन खुणा केल्या, तर दोन्ही बरोबरच फिरतील. इथे असं का? बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मुलीने त्यांना वही दाखवली. बाई खूष झाल्या. "सूर्य दगड नाही. वायूचा गोळा आहे. मधल्या पट्ट्यात भरभर फिरतो, वर-खाली सावकाश. मध्याला पंचवीसएक दिवस लागतात, टोकांकडे महिन्याच्याही वर."

मी शिडी धरून उभा होतो. खूप वेळ आवरलेला प्रश्न शेवटी निसटला. "बाई, बेअरिंग नाही म्हणून थांबत नाही, हे पटलं. पण पहिल्यांदा फिरवलं कोणी?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं, चपला काढल्या आणि बायकोला म्हणाल्या, "ताई, फुगडी येते?"

"येते म्हणजे? मंगळागौरीला मला कोणी हरवलेलं नाही."

"मग या. पण आधी फरशीवरचं पीठ झाडा, नाहीतर दोघीही नाकावर पडू."

मी झाडलं. दोघींनी पदर खोचले, हात गुंफले, पावलं जुळवली. हात ताणून, मागे रेलून त्या सावकाश फिरायला लागल्या. "अजून सावकाश," बाई म्हणाल्या. रांग पुढे सरसावून बघत होती. मग बाईंनी हुकूम सोडला, "आता हात आखडा, जवळ या!" दोघी जवळ आल्या, आणि काय सांगू, पायांनी जादा जोर न देता गिरकी एकदम भरभर झाली. साड्या गरगरल्या, बायको खदाखदा हसायला लागली, बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पुन्हा हात लांबवले, पुन्हा मंद.

"लय भारी!" सुभेदार टाळ्या पिटत म्हणाले आणि 'आता आपण दोघं' अशा नजरेने माझ्याकडे वळले. मी नजर चुकवली.

बाई डब्यावर बसून धापा टाकत बोलल्या. "तारा होण्याआधी वायूचा आणि धुळीचा अफाट मोठा ढग असतो. स्वतःच्याच ओढीने तो आखडत जातो. मुळात त्याला अगदी नाममात्र गिरकी असते. पण जसा आखडतो तसा भरभर फिरायला लागतो. आत्ता आम्ही फिरलो तसा."

"पण ती नाममात्र गिरकी?"

"तुम्ही वरून गहू ओतता, तो सरळ पडतो का?"

"नाही. जरा गोल फिरत उतरतो."

"कोण फिरवतं?"

मी विचार केला. रोज शंभर वेळा बघितलेली गोष्ट. "कोणी नाही. डबा थोडा तिरका असतो. एका अंगाने जास्त पडतो, दुसऱ्या अंगाने कमी."

"बस. सगळीकडून अगदी सारखं कधीच नसतं. थोडं कमी-जास्त असतं, तेवढं पुरतं."

मला ते फार आवडलं. सूर्य, तारे, सगळे फिरतात, ते कोणीतरी जोर लावला म्हणून नव्हे, तर सुरुवातीला सगळं जरासं तिरकं होतं म्हणून. माझ्यासारख्या जन्माच्या तिरक्या माणसाला यात आशा दिसली.

"मग एवढा आखडूनही सूर्याला फेरीला महिनाभर का लागतो?" सुभेदारांनी विचारलं.

"तरुणपणी जोरात फिरत होता. वय वाढतं तसे तारे मंदावतात. स्वतःतलं थोडं थोडं ते सारखं बाहेर उडवत असतात. सूर्याच्या अंगात चुंबकासारखी शक्ती आहे, ती उडालेल्याला लांबवर धरून ठेवते. हात लांब पसरल्यासारखंच झालं ना ते? म्हणून मंद."

बायकोने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "ह्यांचं तसंच झालंय. पीठ उडवत उडवत मंदावलेत." अख्खी रांग हसली. त्या हसण्यात एक आवाज मुलीचा होता, आणि तो मला वेगळा ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात बाईंनी तिला वही घेऊन वर्गापुढे उभं केलं. काय झालं ते तिने सांगितलं नाही. पण त्याच दुपारी तिच्या वर्गातल्या पाच-सहा मुली गिरणीच्या दारात आल्या. सूर्य बघायचा होता. शटरखालून वाकून आत शिरल्या, कागदाभोवती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. "ए मोटर, सरक ना, दिसत नाही," एक म्हणाली. नाव काही सुटलं नव्हतं. पण आता ते जागा मागायला वापरलं जात होतं. मुलगी सरकलीही.

मग त्यातली एक चुणचुणीत पोरगी माझ्याकडे वळली. "काका, ते मोटरचं तुम्हीच सांगितलं होतं ना हिला?"

गिरणीत दहा-बारा माणसं होती. मनमाडच्या स्थळाला माझ्या सल्ल्याने होकार देऊन आलेली आईही होती. मुलीने मान खाली घातली, पेन्सिलचं टोक उगाच तपासायला लागली. माझ्याकडे उत्तर तयार होतं: ती गंमत होती गं, परीक्षा बघत होतो तुमची. जिभेच्या टोकावर होतं. पण मुलीच्या खाली गेलेल्या मानेकडे बघून ते मला उच्चारवेना.

"हो," मी म्हटलं. "मीच सांगितलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं सांगितलं. चूक माझी, तिची नाही. तिनेच मला नंतर शिकवलं."

रांगेत कोणीतरी घसा खाकरला. ज्यांच्या मुलीचं मनमाडला ठरलं होतं त्या बाई जरा चिंतेत पडल्यासारख्या दिसल्या. (ती मुलगी तिथे सुखात नांदली, हे माझं कर्तृत्व नाही, पण सांगून ठेवतो.) सुभेदार हळूच म्हणाले, "शाब्बास." चुणचुणीत पोरीचं एवढ्याने समाधान झालं आणि ती परत सूर्याकडे वळली.  माझ्या मुलीने त्या दिवसाची खूण केली, वही मिटली आणि मैत्रिणींबरोबर गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तो मोठा ठिपका पार उजव्या कडेला पोचला. बारीक काळी रेघ झाला होता, बायकोच्या वळवलेल्या चेहऱ्यावरच्या टिकलीसारखा. आणि दुसऱ्या दिवशी कागदावर सूर्य पडला तेव्हा तो नव्हता. कड स्वच्छ होती. वरचा बारीक तर आधीच विरून गेला होता. मी सवयीने फडकं उचललं आणि खाली ठेवलं. पुसून जाणारं काही नव्हतं, पुसून येणारंही नव्हतं.

गर्दी नव्हती. बायको घरी गेली होती. आम्ही दोघंच होतो. मुलगी त्या रिकाम्या कडेकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "पप्पा, तो परत येईल?"

गिरणी बंद होती, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. तरी आपण बरोबर ऐकलं ना, असं वाटून गेलं. येणार म्हणजे काय, न येऊन सांगतो कोणाला, असं एक झणझणीत उत्तर घशापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "पलीकडून फिरून यायला तेरा-चौदा दिवस लागतील. तोवर टिकला तर डाव्या कडेला दिसेल. नाहीतर तिकडेच विरून जाईल."

"मग रोज बघायचं?"

"बघू या की."

ती पालथ्या डब्यावर बसली, वहीचं कोरं पान काढलं आणि वाटी पालथी घालून नवं वर्तुळ ओढायला लागली. तेवढ्यात लाइट आली. दारात दोन डबे येऊन थांबले होते, आणि एक बाई म्हणत होत्या, "भाऊ, चालू करा ना, पोरं शाळेतून येतील." मी बटणाजवळ गेलो, पण दाबलं नाही. वर्तुळ अर्धं ओढून तिने हात थांबवला होता, आणि तिच्या तोंडावर अजून एक प्रश्न दिसत होता.